सुनंदाचे सतरा किलो

बुधवारी सकाळी मी सुनंदाच्या पायाची नखं कापली. आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम ते. ती पलंगाच्या कडेला, मी खाली पाटावर, तिचा पाय माझ्या मांडीवर. सात-आठ वर्षं तिचा हात तिच्या पायापर्यंत पोचत नव्हता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मला नीट दिसत नाही, तिला नीट वाकता येत नाही. ती वरून सांगणार, मी खालून कापणार.

"अंगठ्याच्या कोपऱ्यात घुसू नका. मागल्या वेळी रक्त काढलंत."

"मग पाय हलवू नको."

"पाय नाही हलत, तुमचा हात हलतोय. म्हातारे झालात."

"तू काय तरणी राहिलीस?"

"मी होतेय परत," ती म्हणाली. "तुम्ही बघत बसा."

दुसऱ्या दिवशी गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख होती. डॉक्टर पाय बघणार, तेव्हा नखं वाढलेली नकोत, म्हणून सकाळी सकाळी हा कार्यक्रम. झाल्यावर तिने दोन्ही पाय पुढे करून बघितले आणि म्हणाली, "चालेल." माझ्या कुठल्याही कामाला तिचं एवढंच सर्टिफिकेट असायचं. त्यानंतर तीन तासांत ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. आधी गिरणीत होतो, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. लिहायची सवय नाही. पण गेला महिनाभर जो भेटायला येतो तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच बोलतो. "त्या बियांनीच गेली हो." "या वयात कशाला ते डाएट?" "चांगली खातीपिती बाई, उपाशी ठेवून मारली." महिनाभर मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

सुनंदा जाड होती. सरळ लिहितो, कारण तिच्यासमोर लोक ते वळवून बोलायचे आणि तिला त्याचा राग यायचा. कोणी म्हणायचं अंगाने भरलेली, कोणी म्हणायचं तब्येतीने चांगली. ती म्हणायची, "जाडी म्हणा की. माझ्या घरात आरसा आहे."

आणि खायला तिला मनापासून आवडायचं. बांगड्याचं डोकं असं चोखून खायची की मांजराला काही उरायचं नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत माझी आत्या कुजबुजली, "पोरगी बरीच जेवते हो." हिने ऐकलं. नवी नवरी, कपाळावर मुंडावळ्या, आणि तिथून मोठ्याने म्हणाली, "तुमच्यात मोजून वाढतात काय? आधी सांगायचं होतं." आत्या मरेपर्यंत तिला वाढताना दोनदा विचारायची.

तिचं एक वाक्य होतं. बघू कोण दमतं. पाणी चार दिवस आलं नाही की वॉर्ड ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसायची, साहेब नाही म्हणाला की म्हणायची, बसते, बघू कोण दमतं. मी अबोला धरला तरी तेच. तीन दिवस ती पण बोलायची नाही, मजेत गाणी गुणगुणत भाजी निवडायची. चौथ्या दिवशी मीच विचारायचो, चहा आहे का. चाळीस वर्षांत ती एकदाही आधी बोलली नाही.

आता खुर्चीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय बियांचं कळणार नाही.

आम्ही नाहूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. अडीच वर्षांपूर्वी तिला ताप भरला, असा की उभी राहीना. बिल्डिंगमधली चार पोरं आली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली न्यायला लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय वाकला. पोरांनी खुर्ची टेकवली, घाम पुसला. त्यातला एक म्हणाला, "काका, पुढच्या वेळी क्रेन मागवा."

सगळे हसले. दारं उघडून बायका बघत होत्या, त्या हसल्या. आणि मी पण हसलो. वर म्हटलं, "मी सांगतो कमी खा, पण ऐकतंय कोण?"

तिला ताप होता, पण कान शाबूत होते. तिने पोरांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी अजून विसरलेलो नाही ते.

पाच दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आणली तर तीच पोरं दुसरी खुर्ची घेऊन खाली उभी. चांगली पोरं आहेत, वाईट नाहीत. सुनंदा म्हणाली, "ठेवा ती बाजूला." आणि पहिल्या पायरीवर जिन्याकडे पाठ करून बसली. मागे हात टेकून एक पायरी वर सरकली. मग दुसरी. गुडघे दोन्ही गेलेले, त्यावर जोर देता येत नव्हता, म्हणून हातावर आणि ढुंगणावर चढली ती. चोपन्न पायऱ्या. दीड तास लागला. मी पिशवी घेऊन एक एक पायरी तिच्या खाली. मध्ये दोनदा म्हटलं, बोलवू का पोरांना. दोनदाही ती पुढची पायरी चढली.

वर पोचली, दाराला टेकून बसली. साडी मागून काळी झालेली. म्हणाली, "यापुढे मला खुर्चीतून कोणी उतरवणार नाही. मी माझ्या पायाने उतरणार, माझ्या पायाने चढणार. तुम्ही पण कान उघडून ऐका."

मी ऐकलं.

पुढच्याच महिन्यात गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने फोटो बघितले, तिला काट्यावर उभी केली. सत्त्याण्णव किलो. म्हणाला, "आजी, दोन्ही गुडघे बदलायला हवेत. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. ऐंशीच्या खाली या, मग बघू." ती बाहेर चपला शोधत होती तेव्हा मला हळू आवाजात म्हणाला, "काका, या वयात सतरा किलो उतरत नाहीत. त्यांना जमणार नाही. गोळ्यांवर चालवा."

दार उघडं होतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "सतरा किलो. बघू कोण दमतं, तो का मी."

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर हंसाबेन राहतात. त्यांच्या मुलीने बाळंतपणानंतर वजन उतरवलं होतं, म्हणून त्या आल्या एका कागदावर लिहून घेऊन. "सुनंदाबेन, स्मूदी पियो. सवार-सांज. एकदम बेस्ट छे." केळं, खजूर, दूध, मध आणि बिया. मिक्सरला फिरवायचं आणि प्यायचं. सुनंदाला वाटलं हे सोपं आहे, गोड पण आहे. सकाळी मोठा ग्लास, संध्याकाळी मोठा ग्लास. मग जेवायला बसायची, भात, कालवण, सगळं नेहमीचं. मला म्हणायची, "बघा, मी डाएटवर आहे आणि भूक पण मारत नाही." महिन्याने हॉस्पिटलात काट्यावर उभी राहिली तर नव्याण्णव.

तिथे खाण्यापिण्याचं सांगणारी एक बाई बसायची. शांत होती. तिने विचारलं, "आजी, हे तुम्ही जेवणाऐवजी घेता की जेवणावर?"

"जेवणावर. औषध जेवणावरच घेतात ना?"

ती बाई हसली नाही, म्हणून सुनंदाला ती आवडली. तिने नीट समजावलं. रात्रीच्या जेवणाच्या जागी एक ग्लास. केळं-खजूर-मध बंद. काकडी, पालक, दुधी, ताक, चवीला पुदिना-आलं. बिया एक चमचा, मूठभर नाही. भिजवून घ्यायच्या किंवा भाजून कुटून, आणि वर पाणी भरपूर. दुपारी भात अर्धा, मासा चालेल पण तळलेला नाही. सुनंदाने "तळलेला नाही" हे दोनदा विचारून घेतलं. मग लांब श्वास सोडला.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता मिक्सर लागायचा. हंसाबेन त्याला स्मूदी म्हणायच्या, सुनंदा म्हणायची हिरवी पेज. रंग असा की शेवाळ्याच्या टाकीतून काढल्यासारखा. पहिल्या दिवशी तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गाईम्हशी कशा जगतात ते कळलं." आणि ग्लास संपवला. एकदाही नाक दाबून प्यायली नाही. म्हणायची, प्यायचं तर तोंड वर करून प्यायचं.

बिया आल्या तशा डबे आले. जवस, सब्जा, तीळ, अळीव. चिया नावाची एक बी हंसाबेनने आणून दिली होती, ती संपल्यावर सुनंदाने किंमत विचारली आणि परत नाव काढलं नाही. "सब्जा काय वाईट आहे? ती पण फुगते, हा पण फुगतो." सुरुवातीला सांगितलेलं विसरून एकदा तिने कोरडे जवस मूठभर चावून खाल्ले. दोन दिवस पोट घट्ट. तिसऱ्या दिवशी संडासातून बाहेर आली ती थेट डब्याजवळ गेली, झाकणावर खडूने लिहिलं, एक चमचा. तिला अक्षरं जोडून जोडून लिहायला यायची.

लाल भोपळा आणला की आधी मी तो कापून द्यायचा, मग ती बिया मोजल्यासारख्या काढणार, धुणार, सुपात पसरून गॅलरीत वाळवणार. कबुतरं टपलेली. ही स्टुलावर बसून हातात लाटणं घेऊन राखण करायची. दुपारी झोपेत मला ऐकू यायचं, "ये, ये मेल्या. तुला काय गुडघे बदलायचेत?"

अळीव आणायला गेलो तो दिवस सांगतो. आमच्याकडे अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात, एरवी कोणी अळीव घेत नाही. वाण्याने पुडी बांधता बांधता विचारलं, "काकी, कोणाचं बाळंतपण? सुनेचं?"

"माझंच," सुनंदा म्हणाली. "पोटात सतरा किलोचं आहे. उतरवायचंय."

वाणी एवढा हसला की वजन करायचं विसरला. बाहेर आल्यावर तिने पुडी पिशवीत टाकली. थोडं चालून म्हणाली, "संजयच्या वेळी मला कोणी अळीव दिले नव्हते." खरं होतं. माझी आई गावाला, इथे खोलीत आम्ही दोघंच, मी रात्रपाळीला. मला तर अळीव द्यायचे असतात हेच माहीत नव्हतं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

संजय आमचा मुलगा, मालाडला राहतो. त्याला आईचं हे सगळं पटत नव्हतं. तिच्या वाढदिवसाला सगळे आले, येताना बिर्याणी आणि बासुंदी घेऊन. ताटं मांडली. सुनंदा हिरवा ग्लास घेऊन त्यांच्यात बसली.

सून म्हणाली, "आई, एक दिवस काय होतं?"

"काही नाही होत. तुम्ही जेवा, मला वास घेऊ दे."

संजय वैतागला. "आई, तू कोणासाठी करतेस हे? या वयात तुला कोण बघतंय?"

ती शांतपणे म्हणाली, "जिन्यात सगळे बघत होते रे. तू नव्हतास."

त्याला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, "जेवा हो, थंड होईल." त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

आता काट्याचं सांगतो, त्यात तिची फजिती झाली होती. ती असती तर लिहू दिलं नसतं. नाही, लिहू दिलं असतं, पण मोठ्याने वाचायला लावलं असतं.

हॉस्पिटल लांब. नुसतं वजन करायला रिक्षा करून कोण जाणार? आमच्या गेटच्या बाहेर भंगारवाल्याचं दुकान आहे, तिथे जमिनीवर ठेवायचा मोठा काटा. पत्रे, सळ्या, रद्दी सगळं त्याच्यावर. सुनंदा म्हणाली, "लोखंड मोजतो तो काटा. मला मोजायला काय झालं?" दर बुधवारी ती जिना उतरायची. आधी बसत बसत, मग कठडा धरून आडवी, मग सरळ. भंगारवाला पत्र्याचे डबे बाजूला सारायचा आणि ती काट्यावर उभी राहायची.

पहिल्याच दिवशी काट्याने नव्वद दाखवलं. ती आनंदाने घरी आली. "पंधरा दिवसांत नऊ किलो! ती बाई खरंच हुशार आहे हो." मला पण काही शंका आली नाही. मी पण मूर्खच. त्यानंतर दर महिन्याला किलो, कधी अर्धा किलो. दीड वर्षात काट्यावर एकोणऐंशी. सुनंदाने नवी साडी नेसली, आम्ही रिक्षा केली, डॉक्टरकडे गेलो. तिने चपला बाहेर काढल्या, अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि काट्यावर चढली.

चौऱ्याऐंशी.

"परत बघा," ती म्हणाली. उतरली, चढली. चौऱ्याऐंशी.

"घरी कुठल्या काट्यावर बघता?" डॉक्टरने विचारलं.

"भंगारवाल्याच्या."

डॉक्टर हसायला लागला. वाईट हेतूने नाही, पण हसला. मग तिथली नर्स पण हसली, म्हणाली, "आजी, भंगारवाल्याचा काटा कमी दाखवतो, हे सगळ्या मुंबईला माहीत आहे."

या वेळी मी हसलो नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, सत्त्याण्णव होती. चौऱ्याऐंशी झाली. तेरा तर खरे आहेत ना?" त्याने परत कागद बघितला. म्हणाला, "तेरा खरे आहेत." सुनंदाने अंगठी परत बोटात घातली, ती आता सैल होत होती, आणि म्हणाली, "आठ महिन्यांनंतरची तारीख द्या."

रिक्षातून उतरली ती सरळ भंगारवाल्याकडे. हात कमरेवर. "क्यों रे, तेरा काटा झूठा है?"

"नहीं मौसी, एकदम बराबर है."

"बराबर? मैं डॉक्टरके पास पाच किलो जास्ती निकली! मेरी पच्चीस सालकी रद्दी वापस निकाल! वापस तौल!"

"मौसी, रद्दी किधर से लाऊँ अभी?"

"मेरेको मालूम नहीं. तूने रद्दीमें मारा, ठीक है. पण मेरे वजनमें मारता है? बाईके वजनमें?"

माणसं जमली. भंगारवाला हात जोडून उभा. शेवटी तो म्हणाला, "मौसी, कम दिखाया तो आपको अच्छा ही लगा ना?" सुनंदाने कमरेवरचे हात काढले. मग एवढी हसली, एवढी हसली की तिथल्याच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसली. डोळ्यातून पाणी. म्हणाली, "खरं बोलला मेला."

रात्री मात्र जेवणाच्या वेळी मिक्सर लागला नाही. मी बघितलं, ती ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, "राहू दे गं. आता बस झालं. गोळ्या आहेत ना."

ती वळली. "तुम्ही दमलात?"

"मी कशाला दमतो? मी काय करतोय?"

"मग पालक धुऊन द्या."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेली. आधी किराण्यातून पाच किलोची बंद आट्याची पिशवी विकत घेतली, ती त्याच्या काट्यावर ठेवली. बरोबर पाच दाखवलं, तेव्हा स्वतः चढली. यानंतरचे सगळे बुधवार मेडिकलवाल्याकडे. हे शेवटचे किलो फार हळू गेले. दीड-दीड महिना काटा हलायचा नाही. ती पण हलायची नाही.

त्या बुधवारी नखं कापून झाली. दहाच्या सुमाराला तिने पिशवी घेतली. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. आज एकटी जाते."

"का?"

"तुम्ही मागून सारखं 'हळू, हळू' करता. मला पायऱ्या मोजता येत नाहीत."

मी गॅलरीत उभा राहिलो. जिन्यातून तिची चाहूल येत होती, एक पाय, मग दुसरा. खाली दिसली. कंपाउंड ओलांडलं, गेटमधून डावीकडे वळली. निळी साडी, पिशवी खांद्याला. चालताना अजून डुलायची, पण कशाला धरत नव्हती. मेडिकलच्या आत गेली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, नाही झालं वाटतं.

मग बाहेर आली. गेटच्या आत, कंपाउंडच्या मधोमध उभी राहिली आणि मान वर करून ओरडली, "एकोणऐंशी! एकोणऐंशी शंभर ग्रॅम! ऐकलंत का?"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. बायका वजन लपवतात म्हणे. सगळ्या खिडक्या उघडल्या, कपडे वाळत घालणाऱ्या थांबल्या, इस्त्रीवाला बाहेर आला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी वाजल्या. मी वरून म्हटलं, "ऐकलं! ये आता वर!"

"येते! जरा बसते. हंसाबेन येतायत, त्यांना सांगते मग येते!"

आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. मी चहा ठेवायला आत आलो.

हंसाबेनच्या हाकेने मी खाली धावलो. बाकावर ती सरळ बसलेली, पिशवी मांडीवर, मान थोडी बाजूला. मला वाटलं, डुलकी लागली. खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. डॉक्टर आले, कागद झाला. हृदय बंद पडलं, असं लिहिलंय. माझ्याकडे आहे तो कागद, कोणाला बघायचा असेल तर या. त्यात कुठे जवस लिहिलेले नाहीत, सब्जा लिहिलेला नाही. ज्याला बियांनी गेली म्हणायचं असेल त्याने आधी तो कागद वाचायचा.

दुपारी संजय आला, नातेवाईक आले. बाईला घरात न्यायची, आंघोळ घालायची, तयार करायची, मग खाली आणायची, अशी पद्धत. तीच चार पोरं पुढे आली, रडत होती, म्हणाली, काका, आम्ही नेतो वर. कोणीतरी खुर्ची आणली होती.

मी म्हटलं, "नाही."

"बाबा, असं काय करता?" संजय म्हणाला. "घरात नको आणायला आईला?"

"नको. ती उतरलेली आहे. तिच्या पायाने उतरलेली आहे. आता तिला कोणी उचलून वर नेणार नाही आणि वरून कोणी उतरवणार नाही. जे करायचं ते इथे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

माझा चुलतभाऊ म्हणाला, असं कधी होत नाही. मी म्हटलं, आज होतंय. मी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो आणि म्हटलं, ज्याला न्यायची असेल त्याने माझ्या अंगावरून न्यावी. कोणी आलं नाही. हंसाबेनने त्यांच्या घरातल्या साड्या आणल्या, बायकांनी त्या बाकाच्या भोवती धरल्या, टाकीच्या नळाचं पाणी तापवून आणलं. सगळं कंपाउंडात झालं. त्या चोपन्न पायऱ्यांवर तिला कोणाचा हात लागला नाही.

संध्याकाळी भांडुपच्या स्मशानात नेली. रात्री घर भरलेलं होतं. मी भिंतीला टेकून बसून राहिलो.

गुरुवारी सकाळी मी आंघोळ केली, सदरा घातला, तिची फाईल घेतली. संजय उठला. "कुठे निघालात?"

"हॉस्पिटलात. अकरा वाजताची तारीख आहे."

"बाबा..." त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. "बाबा, आई गेली."

"मला माहीत आहे. मीच बघितली ना."

"सुतकात कुठे जाताय?"

"ते तू सांभाळ," मी म्हटलं आणि उतरलो.

तिथे नंबर लागला. पुकारलं, "सुनंदा." मी उठलो. नर्स म्हणाली, "काका, पेशंट कुठे आहे?" मी सरळ आत गेलो. डॉक्टरने ओळखलं. हसत म्हणाला, "काय, आजी कुठे? भंगारवाल्याकडे?"

मी सांगितलं. त्याचं हसू गेलं. खुर्चीतून उठला. "बसा काका. कशाला आलात तुम्ही? फोन करायचा."

"तुम्ही म्हणाला होता ऐंशीच्या खाली आणा. मला बाजूला घेऊन म्हणाला होता, जमणार नाही. तिने आणलं. काल मेडिकलच्या काट्यावर, खरा काटा आहे तो. तुमच्या कागदावर शेवटचं चौऱ्याऐंशी आहे. ते तसंच राहील. लिहा."

"काका, आता लिहून काय..."

"लिहा."

त्याने फाईल उघडली. पेन घेतलं. "एकोणऐंशी," असं म्हणत लिहिलं.

"शंभर ग्रॅम पण लिहा," मी म्हटलं. "कमी नको आणि जास्त पण नको."

त्याने शंभर ग्रॅम लिहिले. खाली तारीख टाकली, सही केली. मी फाईल बंद करून काखेत घेतली. बाहेर पुढचा नंबर पुकारला होता. एक जाड बाई दोन्ही हात बाकड्याला लावून उठायचा प्रयत्न करत होती, बरोबर आलेला माणूस घाई करत होता. मी त्याला म्हटलं, "थांब रे, उठतेय ती." आणि ती चालत आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिलो.